निरामिष आमिष

आपल्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, अशी संपादकांनी गळ घातली तेव्हा मनात आले, चला, गळावरच लिहू. विषय आमच्या घरात गेली दोन वर्षे जेवणाच्या टेबलावर आहे, आणि अजून मिटलेला नाही.

'आमिष' हा शब्द मराठीत आता वाईट कामापुरताच उरला आहे. नोकरीचे आमिष, जादा व्याजाचे आमिष. वर्तमानपत्रात 'आमिष दाखवून' एवढे दिसले की पुढची बातमी वाचायची गरज पडत नाही. मूळ संस्कृतात मात्र आमिष म्हणजे सरळसरळ मांस. म्हणून तर मटणाचे जेवण सामिष आणि वरणभात निरामिष. मी ज्या आमिषाबद्दल लिहिणार आहे त्यात मांसाचा कणही नसतो. लाकूड, प्लास्टिक किंवा पितळेचा पत्रा, त्यावर चंदेरी-निळा रंग, दोन खोटे डोळे आणि पोटाखाली गळ. इंग्रजीत त्याला ल्युअर म्हणतात. मी त्याला निरामिष आमिष म्हणतो. आमच्या मंडळातल्या एका शुद्ध शाकाहारी काकांना हे नाव सांगितले, तर ते म्हणाले, "मग चतुर्थीलाही चालेल की!"

स्कॉटलंडमध्ये जिवंत मासा गळाला लावायला कायद्याने बंदी आहे. त्यामुळे शिकारी मासा पकडायचा तर बहुतेक वेळा असा खोटाच मासा लागतो. या खोट्या माशाची एक गोष्ट मला फार विचार करायला लावते. फिनलंडमधला लॉरी रापाला हा गरीब कोळी. तळ्यात मासे पकडता पकडता त्याने पाहिले, की मोठा मासा लहान माशांच्या थव्यात घुसतो आणि नेमका तोच उचलतो, जो जरा वाकडा, लंगडत पोहतो आहे. 1936 साली त्याने बुचाच्या लाकडातून तसा लंगडणारा मासा कोरला आणि चॉकलेटची चांदी गुंडाळून तो चमकवला. आज त्याच्या नावाची आमिषे जगभर विकली जातात. आपल्याकडे 'मात्स्यन्याय' असा शब्द आहे. मोठा मासा लहानाला खातो, हा न्याय. राजा कशाला हवा, तर हा न्याय चालू नये म्हणून, असे आपले जुने राजनीतीचे ग्रंथ सांगतात. गळ टाकणारा माणूस या न्यायात मोठा मासा म्हणून उतरत नाही. तो लहान मासा म्हणून उतरतो, तेही जखमी होऊन. समोरच्याच्या भुकेचा आणि सवयीचा फायदा घ्यायला दुबळ्याचे सोंग घेतो. हे मला नेहमीच जरा खटकत आले आहे. पण खटकणे आणि थांबणे यांत बरेच अंतर असते.

आता हा प्रकार चालतो कसा ते सांगतो, कारण मंडळातल्या बऱ्याच जणांना मासेमारी म्हणजे छत्रीखाली स्टुलावर बसून डुलक्या काढणे वाटते. टे ही स्कॉटलंडमधली सर्वांत लांब नदी, साधारण 190 किलोमीटरची. एडिनबराहून फोर्थचा पूल ओलांडून पर्थच्या वाटेला लागले की तास-सव्वा तासात तिचा काठ येतो. पर्थच्या वर केपथ, डंकेल्ड या बाजूला पात्र रुंद आहे, पुष्कळ ठिकाणी तळाचे गोटे दिसावेत इतके उथळ, आणि ओढ जबरदस्त. काठावरून सगळे पाणी आवाक्यात येत नाही, म्हणून तिथे होडीतून मासे धरायची एक जुनी रीत आहे. तिला हार्लिंग म्हणतात. होडीच्या मागच्या बाजूला दोन-तीन रॉड टेकवून ठेवायचे, आमिषे प्रवाहात दूर सोडायची, आणि वल्हेवाल्याने होडी या काठापासून त्या काठापर्यंत तिरकी न्यायची. प्रत्येक फेरीला होडी थोडी खाली सरकते. आमिष पाण्याच्या जोराने आपोआप थरथरत राहते, कपारीकपारीत डोकावून येते. वल्हेवाल्याला इथे गिली म्हणतात. खरे सांगायचे तर या रीतीत मासा पकडतो तो गिलीच. कुठल्या खडकामागे सॅमन विसावतो, कुठे होडी रोखून धरायची, हे त्याच्या मनगटात असते. रॉड हातात घेणारा पाहुणा रीळ करकरेपर्यंत थर्मासमधला चहा पीत बसतो. आणि एकदा ते करकरले की चहा कुठे सांडला हे संध्याकाळीच कळते.

याच टेवर, याच रीतीने, 7 ऑक्टोबर 1922 रोजी जॉर्जिना बॅलंटाइन या बाईंनी 64 पौंडांचा सॅमन धरला. म्हणजे 29 किलो. लांबी साडेचार फूट. होडीत वडील जेम्स होते. संध्याकाळी लागलेला मासा दोन तासांहून अधिक झुंजला आणि अंधार पडल्यावर होडीत आला. रॉडने धरलेल्या सॅमनचा ब्रिटनमधला तो विक्रम शंभर वर्षे उलटली तरी मोडलेला नाही. त्या माशाचे पुढे काय झाले? तो पर्थच्या रॉयल इन्फर्मरी रुग्णालयाला दिला गेला आणि तिथल्या रुग्णांनी आणि कर्मचाऱ्यांनी खाल्ला.

आज तसे होणार नाही. रॉडने धरलेला सॅमन स्कॉटलंडमध्ये 2002 पासून विकता येत नाही. 2015 पासून 1 एप्रिलच्या आत धरलेला प्रत्येक सॅमन सोडावा लागतो. 2016 पासून नद्यांची प्रतवारी होते, आणि ज्या नदीची प्रत खालची तिथे वर्षभर एकही मासा ठेवता येत नाही. जिथे ठेवता येतो तिथेही लोक आपण होऊन सोडतात. 1994 च्या सुमारास दहातला एखादाही मासा जेमतेम सोडला जात असे. आता दहातले नऊहून अधिक परत पाण्यात जातात. कारण उघड आहे. मासा संपत चालला आहे. डिसेंबर 2023 मध्ये आययूसीएन या संस्थेने ग्रेट ब्रिटनमधला अटलांटिक सॅमन धोक्यात असलेल्या प्रजातींच्या यादीत घातला. म्हणून आजचा शहाणा मच्छीमार काय करतो? काटा नसलेला एकच गळ लावतो, मासा लांबवून दमवत नाही, हात ओले करूनच त्याला धरतो, शक्यतो पाण्याबाहेर काढतच नाही. प्रवाहाकडे तोंड करून त्याला दोन्ही हातांत अलगद धरतो आणि त्याच्या शेपटीत जोर आला की जाऊ देतो. पाणी फार तापले असेल तर त्या दिवशी रॉड बाहेरच काढत नाही. रविवारी तर सॅमनची मासेमारी कायद्यानेच बंद. माशालाही आठवड्याची सुट्टी.

हे सगळे मी मोठ्या अभिमानाने आईला सांगितले. आई महाडची. सावित्रीच्या खाडीचे मासे खाऊन वाढलेली, उन्हाळ्यात दोन महिने आमच्याकडे येते. सगळे शांतपणे ऐकून घेतल्यावर तिने विचारले, "म्हणजे खायचा नाही?"

"नाही."

"विकायचा नाही?"

"नाही गं. सोडून द्यायचा."

"मग अरे, त्या मुक्या जिवाला छळायचं तरी कशाला?"

जी बाई पापलेटाची तुकडी करताना एकदाही हळहळत नाही, तिने मला हिंसेबद्दल बोलावे, याचे आधी हसू आले. नंतर नाही आले. कारण हा प्रश्न युरोपातल्या कायद्यांनीही जवळपास याच शब्दांत विचारला आहे. जर्मनीचा प्राणीरक्षण कायदा सांगतो, की सबळ कारणाशिवाय प्राण्याला वेदना देऊ नये. मासा खाणे हे सबळ कारण, नुसती मौज हे नव्हे. स्वित्झर्लंडने 2008 च्या नियमांत स्पष्टच लिहिले, की सोडून द्यायच्या इराद्याने मासा गळाला लावणे निषिद्ध. म्हणजे महाडची माझी आई आणि बर्नचे सरकार यांचे एकमत आहे. स्कॉटलंडचा 2006 चा कायदा मात्र मासेमारीच्या नेहमीच्या ओघात जे घडते ते प्राणीकल्याणाच्या तरतुदींतून वगळूनच टाकतो. एकाच खंडात एके ठिकाणी मासा सोडणे सक्तीचे, दुसरीकडे सोडायचे ठरवून धरणे गुन्हा. दोघेही म्हणतात, आम्ही माशाची काळजी करतो.

माशाला विचारले तर तो काय सांगेल? गळाला लागल्यावर त्याला दोनच पर्याय दिले, तळलेला तुकडा किंवा नदी, तर तो नदीच म्हणेल. त्या अर्थी बॅलंटाइनबाईंचा मासा दुर्दैवी आणि आपण सोडलेला नशीबवान. पण आईचा प्रश्न तिथला नाहीच. गळाला लागल्यानंतर काय करायचे, हे ती विचारत नाही. मुळात गळ पाण्यात टाकायला कारण काय, हे विचारते आहे. तिच्या हिशेबात खाणे हे कारण आहे. ते पोटाशी बांधलेले आहे, म्हणून त्याला आपोआप एक मर्यादाही आहे. पोट भरले की कोळी घरी जातो. हौसेचे पोट कधी भरते?

यावर मी बरेच दिवस एक उत्तर देत असे. मासे सोडणारे मच्छीमार आहेत म्हणून नदीकडे कोणाचे लक्ष आहे. पैसे आहेत, पहारा आहे. या उत्तरात बरेच तथ्य आहे, आणि त्याचा सर्वांत चांगला दाखला स्कॉटलंडमधला नसून आपल्याकडचा आहे. तो जरा विस्ताराने सांगतो.

महसीर हा आपल्या नद्यांचा राजा. त्याची सह्याद्रीतली एक जात शास्त्रात 'टॉर खुद्री' म्हणून ओळखली जाते. (इथे जात म्हणजे स्पीशीज, मंडळींनी दचकू नये.) नाव कानाला मराठी वाटते, आणि ते आहेही आपल्याकडचे. 1839 साली कर्नल साइक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशाचे वर्णन या नावाने केले. पुढे धरणे झाली, नद्या नासल्या, हा मासा कमी झाला. तेव्हा टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याच्या तळ्याकाठी त्याची अंडी उबवायला सुरुवात केली, आणि 1970 च्या दशकापासून लाखो पिल्ले ठिकठिकाणच्या पाण्यांत सोडली. त्यांतली काही कर्नाटकात कावेरीतही गेली. कावेरीत आधीपासून एक वेगळा, पाठीला कुबड असलेला प्रचंड महसीर होता. त्याला गळाला लावायला इंग्रजांच्या काळापासून लोक सातासमुद्रापलीकडून येत. नदीकाठी मच्छीमारांची शिबिरे चालत. त्यांचा नियम एकच. मासा मोजा, नोंद करा, सोडा. आसपासच्या गावांतले, एके काळी चोरून किंवा सुरुंग लावून मासे मारणारे काही जण या शिबिरांत वाटाडे आणि राखणदार झाले.

या शिबिरांच्या 1998 ते 2012 या काळातल्या नोंदवह्या पुढे संशोधकांनी तपासल्या. त्यांतून दिसले असे, की पकडलेल्या माशांची संख्या वाढत होती, पण वाढ सगळी लोणावळ्याकडून आलेल्या निळसर परांच्या महसीराची होती. मूळचा कुबडवाला दिसेनासा होत होता. 2018 साली त्या कुबडवाल्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली, 'टॉर रेमादेवी', आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. ओळख पटवणाऱ्या संशोधकांत पुण्याचे नीलेश डहाणूकरही होते. लोणावळ्याच्या खुद्रीची गणना आता धोक्याबाहेरच्या माशांत होते. म्हणजे एका जातीला वाचवायला केलेल्या सत्कार्याने दुसऱ्या जातीची जागा घेतली. ते करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. आणि हे उघडकीला आले कशामुळे? तर हौसेखातर मासे धरून सोडणाऱ्यांनी वही नीट ठेवली म्हणून. शिबिरे बंद झाल्यावर नदीची राखणही गेली, असे तिथल्या अनेकांचे म्हणणे आहे.

हे ऐकवले की माझे मच्छीमार मित्र टाळी देतात. पण लेकीने टाळी दिली नाही. ती पंधरा वर्षांची आहे आणि शाळेत जीवशास्त्र शिकते. तिचे म्हणणे, "बाबा, तू सगळं जातीबद्दल बोलतोयस. मी त्या एका फिशबद्दल विचारतेय."

हे अगदी बरोबर आहे. संवर्धन जातीचे असते, वेदना मात्र एकेका जिवाला होते. नदीच्या हिशेबात सोडलेला सॅमन म्हणजे शिल्लक टाकलेली एक रक्कम. त्या सॅमनच्या हिशेबात मात्र तो एकटाच आहे आणि त्याच्या जबड्यात गळ आहे. आपल्या अहिंसेचा विचार नेहमी जिवाचा राहिला आहे, पर्यावरणवाल्यांचा जातीचा. एक दुसऱ्याचे काम करू शकत नाही. आमच्या महाडजवळ, काळ नदीवर, वाळण कोंड म्हणून डोह आहे. तिथले महसीर वरदायिनी देवीचे म्हणून कोणी मारत नाही, उलट कुरमुरे टाकतात. तिथे जात आणि जीव दोन्ही एकाच श्रद्धेने वाचतात. पण डोहापासून पुरेसे लांब गेलेल्या महसीराला देवी ओळखत नाही, हेही मी लहानपणी पाहिले आहे.

मग माशाला खरोखर दुखते का? गंमत म्हणजे या प्रश्नाचा जगभर गाजलेला प्रयोग आपल्या शेजारीच झाला. एडिनबराच्या दक्षिणेला रोझलिन म्हणून गाव आहे, डॉली मेंढीमुळे सगळ्यांना माहीत असलेले. तिथल्या संस्थेत लिन स्नेडन, व्हिक्टोरिया ब्रेथवेट आणि मायकल जेंटल यांनी ट्राउट माशांवर काम केले आणि ते 2003 साली प्रसिद्ध झाले. ट्राउटच्या डोक्यात आणि ओठांजवळ इजा ओळखणारे मज्जातंतू सापडले. काही माशांच्या ओठांत मधमाशीचे विष किंवा व्हिनेगरमधले आम्ल टोचले. त्यांचा श्वास वाढला, ते तळाशी डुलत राहिले, आम्ल टोचलेल्यांनी ओठ गोट्यांवर घासले, आणि बराच वेळ अन्नाला तोंड लावले नाही. दुसरी बाजूही आहे. अमेरिकेतले जेम्स रोझ आणि त्यांच्यासारखे शास्त्रज्ञ म्हणतात, की वेदनेची जाणीव व्हायला मेंदूचा जो वरचा थर लागतो तो माशाला नाहीच. घासणे ही नुसती प्रतिक्रिया. वाद संपलेला नाही. पण ब्रिटनच्या 2022 च्या कायद्याने माशांसकट सगळ्या पाठीच्या कण्याच्या प्राण्यांना संवेदनशील मानले आहे.

मला स्वतःला विषापेक्षा एका जुन्या डच प्रयोगाने जास्त अस्वस्थ केले. 1970 साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात पाइक माशांच्या तळ्यात पुन्हा पुन्हा गळ टाकले होते. पाइक हा अस्सल लुटारू, आपल्या युनियन कॅनॉलमध्येही तो असतो. चकाकणाऱ्या खोट्या आमिषाला एकदा लागलेला पाइक पुढे त्या आमिषाकडे फिरकेनासा झाला. जिवंत मासा गळाला लावला तर मात्र तो पूर्वीसारखाच येई. म्हणजे एकदा फसवला गेल्याचे त्याला कळते आणि लक्षात राहते, पण खऱ्या अन्नावर अविश्वास दाखवणे त्याला परवडत नाही. सॅमनची कथा आणखी वेगळी. समुद्रातून नदीत परतलेला सॅमन खातच नाही. अंगातल्या चरबीवर महिनोन्महिने काढतो. आपल्या आमिषावर तो झडप घालतो ती सवयीने किंवा चिडून. म्हणजे आपण त्याला भुकेचेही कारण देत नाही.

लेकीने मग एक तोडगा सुचवला. "बाबा, ल्युअरचे हुक काढून टाक ना. फिश येतो की नाही एवढंच बघायचंय ना तुला?" असे करणारे लोक आहेत बरे का. गळाचे टोक कापून टाकतात, मासा येऊन धडकला की खूश. मी त्यावर आठवडाभर विचार केला. आणि मला मान्य करावे लागले, की एवढ्याने माझे भागणार नाही. नदी, धुके, बगळे, थर्मासमधला चहा हे सगळे आवडते, पण त्यासाठी रॉड लागत नाही. रॉडने जे मिळते ते दोरीच्या दुसऱ्या टोकाचे ओढणे. एक जीव सर्व ताकदीनिशी सुटायला बघतो आहे, ते आपल्या मनगटाला कळणे. आनंद त्यातच आहे. मासेमारीवरच्या छान छान पुस्तकांत हे फार गुळगुळीत करून सांगतात, निसर्गाशी नाते वगैरे. नाते आहेच. पण ते एकतर्फी आहे आणि दुसऱ्या बाजूला भीती आहे.

रॉयल माइलवर डेव्हिड ह्यूमचा पुतळा आहे. पर्यटक त्याचा अंगठा घासून घासून चकचकीत करतात. या ह्यूमने 1751 च्या पुस्तकात एक कठोर गोष्ट लिहून ठेवली आहे. आपल्यापेक्षा इतके दुबळे प्राणी असतील, की आपला विरोधच करू शकणार नाहीत, तर माणुसकीने आपण त्यांच्याशी सौम्य वागावे, पण न्यायाचे बंधन त्यांच्या बाबतीत आपल्यावर येत नाही. ओल्या हाताने मासा सोडणे हे ह्यूमच्या भाषेत सौम्य वागणे. ती दया आहे, आणि दया आपल्या मर्जीची असते. आधी आपणच संकट आणायचे आणि मग त्यातून सोडवल्याचे समाधान मानायचे, यातला विनोद आपल्या मनूच्या गोष्टीशेजारी ठेवला की नीट दिसतो. शतपथ ब्राह्मणातला मनू ओंजळीत आलेला मासा घड्यात ठेवतो, मग खड्ड्यात, मग समुद्रात सोडतो. मासा मोठ्या माशांच्या भयाने त्याच्याकडे आश्रय मागत असतो. मनूने त्याला गळ घालून ओंजळीत आणलेले नव्हते.

दुसरी बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. आमच्यावर नाक मुरडणारे बरेच लोक शनिवारी सुपरमार्केटमधून सॅमनचे तुकडे आणतात, सुरमईच्या जागी ते बरे लागतात म्हणून. मीही आणतो. ते सगळे शेतातले मासे. स्कॉटलंडच्या सागरी पिंजऱ्यांत वर्षाला दीड लाख टनांच्या आगेमागे सॅमन पिकतो. आयुष्यभर जाळ्यात, अंगाला उवांसारखे चिकटणारे जीव, आणि खाद्यात पुन्हा दुसऱ्याच समुद्रातले मासे दळलेले. टेमधला सॅमन माझ्यामुळे दहा मिनिटे घाबरला असेल. पिंजऱ्यातला कधी मोकळा पोहलाच नाही. महाभारतात मिथिलेच्या धर्मव्याधाची गोष्ट आहे. तो मांस विकतो, स्वतः मारत नाही, आणि नांगर चालवणाराही किती जीव मारतो हे ब्राह्मणाला ऐकवतो. हिंसेपासून पूर्ण सुटका कोणाची नाही, हे त्याचे म्हणणे मला पटते. पण त्यातून 'मग काहीही चालेल' असे निघत नाही. तसे असते तर त्या व्याधाला धर्म शिकवायची गरजच पडली नसती. पिंजऱ्यातल्या सॅमनचे दुःख माझ्या रॉडचे समर्थन करत नाही. फार तर माझ्या ताटालाही प्रश्न विचारते.

तेव्हा माझ्यापुरते मी असे ठरवले आहे. उन्हाळ्यात फोर्थच्या मुखाशी मॅकरेल येतो, आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ. तो मी धरतो, चार-सहाच, तिथेच झटकन मारतो आणि घरी तिरफळ घालून आमटी होते. आई असली की पहिला तुकडा तिचा. लेक त्या दिवशी राजमा खाते आणि माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलत नाही. आईच्या कसोटीला मी उतरतो, तिच्या नाही, आणि दोघींच्या कसोट्यांना एकदम उतरण्याचा मार्ग मला अजून दिसलेला नाही. टेवरच्या होडीतली जागा मात्र मी यंदा सोडली. सॅमन मला खायचा नाही आणि मोजायचाही नाही, मग आईच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर उरत नाही.

होडीतला माझा जुना स्कॉटिश सोबती यावर नाराज आहे. रागावून नाही, काळजीने. तो म्हणतो, "तुम्ही विचार करणारे लोकच आधी सोडून जाता. मग नदीकडे बघणार कोण? ज्याला ओढ लागते तोच नदीसाठी भांडतो." कावेरीची हकिकत मीच त्याला सांगितलेली असल्यामुळे मला फारसे बोलता येत नाही. मी त्याला म्हटले, नदीची वर्गणी मी भरत राहीन, आणि वरच्या ओढ्यांकाठी झाडे लावायला येत जाईन. इकडे उन्हाळे तापत चालले आहेत, सॅमनच्या पिल्लांना गार पाणी लागते, त्यासाठी ओढ्यांवर सावली हवी म्हणून हे काम चालते. तो हसला आणि म्हणाला, बघू किती जण येतात ते.

मार्चच्या एका ओल्या शनिवारी आम्ही गेलो. लेकही आली होती. रोपे लावून, त्यांना हरणांपासून वाचवायच्या नळ्या बसवून संध्याकाळी मोजले, तर सगळे मिळून अकरा जण होतो. होडीत मी सोडलेल्या जागेसाठी तोवर चौघांनी नाव दिले होते.